न पाहिलेली गुळवेल

मित्रांनो, आज मान खाली घालून लिहितोय.

सकाळी वालूरला गुळवेलीवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. मंचावरून उतरलो तर गावातल्या कांताबाई कुंपणावरचा एक वेल घेऊन उभ्या. "सर, आमच्या मालकाला चार दिस झाले ताप हाय. ही गुळवेलच ना?"

मी गुळवेल फक्त पुस्तकात पाहिलेली. तरी ठणकावून म्हणालो, "हीच!"

शेळ्या राखणाऱ्या सखूबाईंनी विळ्याने वेल कापला. "गुळवेल कापली की आत चाकावानी दिसतं. इथं कुठाय? सर, बोलता लय झ्याक, जरा रानात बी येत जा. कांते, फेक ते, नवऱ्याला दवाखान्यात ने."

कांताबाई हळूच म्हणाल्या, "सर हो म्हणले, मी उकळायलाच चालले होते."

'मला माहीत नाही' एवढं म्हणायला माझी जीभ का वळली नाही? तुमची वळते का?