बंद करू नका, ताई

"उघडलं कुणी? मग बंद कोण करणार?" हे तो दिवसातून कितीदा म्हणायचा, मी मोजलं नाही. साखरेच्या डब्याचं झाकण, कपाटाचं दार, गल्लीतल्या नळाची तोटी, माझ्या पर्सची चेन. बोलता बोलता उठायचा आणि लावून यायचा. एकदा एक पुढारी मुलाखतीला आले होते. खिडकीतून त्यांच्या गाडीचं दार उघडं दिसलं, तर हा चालू रेकॉर्डिंगमधून उठला, खाली जाऊन दार लोटून आला. पुढाऱ्यांना वाटलं, काय अदब आहे पोराला!

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. एका जागी टेकत नाही, आणि टेकलाच तर पाय असा हलवतो की टेबल थरथरतं आणि तुमचा चहा बशीत. मला तर कधी कधी वाटायचं, दोरीनं बांधावा याला खुर्चीला.

बीडला आमचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे, एका संस्थेचं. दोन खोल्या, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. शेतीचे, जनावरांचे, बायकांचे कार्यक्रम मी करते. तो कॉम्प्युटर बघायचा. सगळे त्याला इंजिनियर म्हणायचे, मीही. नाव लिहीत नाही. साधा फोटो काढू दिला नाही त्यानं कधी, नाव छापलेलं कुठून आवडायचं!

मूळचा केजकडचा. पुणं झालं होतं, हैदराबाद झालं होतं, पण वर्षभर कुठं टिकला नव्हता. मी एकदा विचारलं, "कशापायी सोडल्या रे एवढ्या नोकऱ्या?"

"खुर्च्या लई मऊ होत्या, ताई."

काम अडलं की हा खोलीत येरझाऱ्या घालायचा. तेवढ्यानं भागलं नाही की गाडीला किक मारून थेट मांजरसुंब्याला, ढाब्यावर चहा प्यायला. परत आला की उत्तर तयार. मी म्हणायचे, "बीडात काय चहा मिळत नाही का?" तर म्हणे, "चहा कुठं लागतोय, ताई. रस्ता लागतोय."

आता त्याची एक करामत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं रेकॉर्डिंग चालू असताना ते एका 'कच्च्या' फोल्डरमध्ये जमा होतं. बंद केलं की तिथून उचलून पक्क्या फोल्डरमध्ये जातं. कच्च्यात मागं उरतो तो कचरा. माईकची चाचणी, फसलेली सुरुवात, कुणाचं तरी खोकणं. त्या कचऱ्यानं मशीन भरून जायचं. म्हणून त्यानं पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. दर तासाला तो आपोआप चालायचा आणि कच्च्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाकायचा.

मी घाबरले. "अरे, त्या वेळेला रेकॉर्डिंग चालू असलं तर? तेही पुसलं जाईल ना?"

"पुसूच देत न्हाई. विंडोज लई कडक हाय, ताई. उघडी फाईल पुसाया गेलं की हात धरतंय. माझा प्रोग्रॅम म्हनतो बरं, आन् ती सोडून म्होरं जातो." वर हसून, "म्हनून तर म्हनतो, उघडलं की बंद करा."

वर्षभर ते बिनघोर चाललं. मग ते म्हातारं मशीन एके दिवशी बसलं ते बसलंच. संस्थेनं दुसरं पाठवलं, त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. इंजिनियर खूश. आठवडाभर पुटपुटत होता. फाईलचा पत्ता लिहिताना इथं रेघ उलटी पडते म्हणे. आणि मी कुठं मोठ्या अक्षरानं, कुठं छोट्या अक्षरानं नावं दिली होती. विंडोजला ते एकच वाटायचं, ह्याला दोन वेगळी माणसं. त्याबद्दल मी बोलणी खाल्ली. शेवटी एकदाचं त्याचं सगळं सुरळीत झालं. "आता दोन्हीकडं चालतंय बगा. कुठंबी न्या." त्या दिवशी स्वतःच्या पैशानं गरम भजी आणली, आणि तीसुद्धा उभ्यानंच खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोपानआबा आले.

नांदूरघाटाकडचे मेंढपाळ. दारात जीप थांबली, आधी त्यांची सून लंका उतरली. "ताई, उद्या मामांच्या गळ्याचं आप्रेशन हाय. डाक्टर म्हनले, आवाज न्हाई ऱ्हायचा. मेंढरं दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाईत बगा. मी घसा फाटस्तोर वरडले तरी ढिम्म. मामांच्या हाका भरून देता का?"

नाही कोण म्हणेल? आबांना माईकसमोर बसवलं. त्यांचा आवाज आधीच चिरकला होता, तरी त्यांनी एकेक हाक दिली. पाण्यावर नेण्याची, थांबण्याची, लांडगा आल्याची, मेंढवाड्याकडं फिरण्याची. लांडग्याच्या हाकेला माझ्या अंगावर काटा आला, बंद खोलीत! मध्ये मध्ये थांबत, पाणी पीत, त्यांनी सगळ्या हाका दिल्या. शेवटी जोराचा ठसका लागला आणि रुमालाला रक्त आलं. लंकेनं त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं. अजून एखादी द्यायची राहिली असेल म्हणून मी रेकॉर्डिंग नुसतं थांबवून ठेवलं, बंद केलं नाही.

चहा होईपर्यंत बघावं म्हणून कच्चं फोल्डर उघडलं. रिकामं होतं.

"इंजिनियर! अरे, इथं काहीच नाही!"

तो आला. पडद्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि मटकन खुर्चीत बसला. तासाचा ठोका होऊन गेला होता. "माझ्याच प्रोग्रॅमनं पुसलं, ताई. लिनक्स हात धरत न्हाई. उघडी फाईलबी पुसू देतंय. वाचलं व्हतं मी कुठंतरी. ध्यानातच न्हाई राहिलं."

मी म्हटलं, असू दे, बंद करून परत उघडून बघू. त्याचंच शिकवलेलं औषध! माउसकडं हात नेला, तर हा किंचाळला.

"बंद करू नका, ताई! हातच लावू नका!"

त्याच्या तोंडून हे शब्द! आणि मग भराभर सांगायला लागला. फाईलचं नाव पुसलं गेलंय, पण फाईल अजून आहे. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमनं ती मुठीत धरलीय. मूठ उघडी झाली की संपलं. प्रोग्रॅम बंद पडला, नाहीतर मशीन बंद पडलं, तरी संपलं.

आणि लाइट गेली. आमच्या बीडची लाइट, तिला मुहूर्त बरोबर सापडतो. इन्व्हर्टरवर मशीन चालू राहिलं, पण त्याची बॅटरी किती म्हातारी आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पळत जाऊन पंखा बंद केला, दिवे बंद केले.

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, निघाला हा मांजरसुंब्याला! पण तो लिंबाखाली आबांपुढं जाऊन उभा राहिला. "आबा, माझ्याच्यानं चूक झाली. तुमच्या हाका पुसल्या गेल्या. परत आनायचं बगतो, पन येतीलच असं सांगत न्हाई."

लंकेचा चेहरा पडला. आबांनी तोंड उघडलं, परत हाक द्यायला. नुसती खरखर निघाली. दोनदा प्रयत्न केला त्यांनी. मग हातानंच म्हणाले, जा, बघ.

तो आत आला आणि बसला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याचा पाय हलत नव्हता. टेबल गप्प. त्या मुठीतल्या फाईलपर्यंत जायची वाट लिनक्समध्ये असते म्हणे, पण हा कधी त्या वाटेनं गेलेला नव्हता. एकेक ओळ लिहायचा, पुसायचा, मोबाईलवर वाचायचा, परत लिहायचा. मी दाराला पाठ लावून उभी, कुणी आत येऊन वायरला पाय लावू नये म्हणून. इन्व्हर्टर टुंई टुंई करायला लागला. मी नारायणगडाला नारळ बोलून टाकला. मनातल्या मनात शिव्याही दिल्या, त्याला, लिनक्सला, वीजवाल्यांना, सगळ्यांना.

"आली," तो म्हणाला. दुसऱ्या नावानं फाईल समोर दिसत होती. लावली, तर वाजेना.

मला रडूच फुटलं. तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "रडू नका. आवाज आत हाय. फाईलच्या डोक्यावर तिची लांबी लिहावी लागती, ती बंद करताना लिहितेत. आपली बंद कुठं झालीय? मीच लिहितो." आणखी चार ओळी लिहिल्या, पेनड्राइव्हवर घेतलं, माझ्या लॅपटॉपला लावलं.

लांडग्याची हाक खोलीभर झाली. बाहेर लंका 'मामा!' म्हणून ओरडली. लगेच मागून इन्व्हर्टरनं मान टाकली आणि मशीन काळं पडलं.

लंकेच्या मोबाईलमध्ये मी एकेक हाक वेगळी करून भरून दिली. इंजिनियर चहाला थांबला नाही. जीप जाईपर्यंत रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्रॅम दुरुस्त केला. पुसण्याआधी फाईल कुणाच्या हातात आहे का, ते आता तो स्वतः विचारतो. पण इंजिनियरचं काही दुरुस्त झालं नाही. एकेक बटण दाबायला वेळ लावायचा. मी रागावले, "अरे, मिळालं ना सगळं परत! आता काय धरून बसलास?"

"मिळालं, ताई. पन पुसलं मीच ना. आबा परत तोंड उघडून हाक द्यायलेत, त्येच दिसतंय."

महिना भरला आणि तो यायचा बंद झाला. खोली सोडली होती. फोन लागत नव्हता. घरी विचारलं तर, "आसंल पुन्याला न्हाईतर कुठं. त्याच्या पायाला भिंगरीच हाय." मला इतका संताप आला! सांगून जायला काय झालं होतं? आणि खरं सांगते, त्या न हलणाऱ्या टेबलावर चहा प्यायला मला करमेना.

उन्हाळ्यात कार्यक्रमासाठी नांदूरघाटाकडं गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून आबांच्या मेंढवाड्यावर गेले. गळ्याला पांढरं फडकं, अंगानं निम्मे झालेले. लंकेच्या खांद्याला छोटा स्पीकर अडकवलेला. तिनं मला दाखवायला पाण्याची हाक लावली. कळप झरझर वळला. एक एडका तर स्पीकरला नाक घासायला लागला, आणि आबा आवाज नसलेलं हसू हसले. मी पदर डोळ्याला लावला.

मग आबांनी मला काहीतरी विचारलं. एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटं चालवली. इकडून तिकडं, तिकडून इकडं, भराभर.

"गेला, आबा," मी म्हटलं. "कुठं गेला, केजकडं त्याच्या घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही."

त्यांनी लंकेच्या हातातून मोबाईल घेतला. त्यांना वाचता येत नाही, पण कुठली हाक कितवी, हे पाठ होतं. अंगठ्यानं हळूहळू खाली गेले आणि एक हाक लावली. लांब, खाली उतरत जाणारी, शेवटी थोडी वर उचललेली. लंका माझ्या कानाशी म्हणाली, "ही मागं राहिलेल्याची हाक, ताई. कळपातलं एखादं चुकलं की मामा ही द्यायचे."

मेंढरांनी माना वर केल्या, पण एकही जागचं हललं नाही. ती सगळी तिथंच होती. आबांनी स्पीकर लंकेच्या खांद्यावरून काढून घेतला, केजच्या रस्त्याकडं तोंड केलं आणि परत तीच हाक लावली.