बाबा की मामा?

गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लिनिकमध्ये फायलींपेक्षा किस्से जास्त झालेत. फायली निदान कपाटात मावतात!

मी स्पीच थेरपिस्ट. टाळू दुभंगलेल्या पेशंटची बोलताना हवा नाकातून निसटते. ती पकडायला माझ्याकडे एक छोटा आरसा आहे. तो नाकाखाली धरायचा. 'म' म्हणताना त्यावर वाफ येणारच, पण 'प' आणि 'ब' म्हणताना आरसा कोरा राहिला पाहिजे.

एकदा ऐन तपासणीत आरसा गायब! बघते तर झाडलोट आणि चहा बघणाऱ्या आमच्या मालनमावशी त्यात बघून टिकली लावतायत. वर मलाच म्हणाल्या, "मॅडम, आरसा नाकाखाली कुणी धरतं का?"

*

एक पेशंट गाव विचारलं की "मालेगावजवळ" एवढंच सांगायचा. वरचा जबडा मागे राहिल्यामुळे त्याचा 'स' नीट निघायचा नाही. सर्जनसरांनी जबडा पुढे आणला. नंतर तपासणीला आला तेव्हा मी विचारलं, "कुठून आलात?"

"सटाणा! आनी बस बी सटाणानीच शे!"

सर खूश. मी मात्र लगेच खूश होत नाही, हा माझा जुना दोष. जबडा पुढे येताना टाळूही पुढे ओढला जातो, मागे फट राहते आणि हवा पुन्हा नाकातून निसटते. एखाद्याचा 'स' सुधारतो आणि 'ब' बिघडतो.

*

मनमाडची जयश्री माझी सर्वांत जुनी पेशंट. लहानपणी टाळूचं ऑपरेशन झालं, तरी 'बाबा' म्हणायला गेली की 'मामा' निघायचं. खरा मामा घरी आला की हाकेला दोघेही "ओ" द्यायचे! सगळी रेल्वे कॉलनी हसायची, तिचे बाबा सोडून.

दोन वर्षं घासून 'बाबा' आणला आम्ही. त्या दिवशी तिचे बाबा पेढे घेऊन आले.

*

आता जयश्री वीस वर्षांची. वरचे-खालचे दात जुळत नव्हते, भाकरी चावता येत नव्हती. सरांनी जबड्याचं ऑपरेशन सांगितलं आणि धोकाही सांगितला. बाबा माझ्याकडे वळले.

"मॅडम, जबडा पुढं आला आन् बाबा मागं गेला तर?"

जयश्रीनं सरळ पेन मागितलं आणि फॉर्मवर सही केली.

*

ऑपरेशननंतर काही आठवडे दात रबरांनी बांधलेले होते. ती वहीत लिहून बोलायची. रबरं निघाली त्या दिवशी बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. मामा दारात उभा, हातात मालनमावशींनी दिलेला चहा. सर मोबाईल बघत होते, पण स्क्रीन बंद होता.

मी आरसा तिच्या नाकाखाली धरला.

"बोल, जयू. 'बाबा' म्हण."

तिनं दाराकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"मामा!"

आरशावर वाफ आली. बाबांनी मान खाली घातली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मला रडूच येत होतं.

"ओ बाबा, तोंड काय पाडता? मामालाच हाक मारली मी! चहा सांडतोय त्याचा!"

बाबांनी मान वर केली.

"सांडू दे. परत म्हन."