बोटं स्पष्ट दिसायला हवीत : कॅमेऱ्याच्या शोधात राजुरा ते आष्टी

रेखा जेवता जेवता उठली आणि खरकट्या हातानेच म्हणाली, "कॅमेरा घ्यायचाय. याच महिन्यात."

रेखा माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे तिचं सगळं बोलणं हातांनी चालतं. ती चंद्रपुरात कर्णबधिर मुलांना शिकवते, मी शिवणवर्ग चालवते, आणि सुट्ट्या लागल्या की आम्ही दोघी माझ्या जुन्या गाडीतून भटकतो. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना एवढं ठाऊक आहे. या वेळची भटकंती मात्र एका माणसासाठी होती.

एका तपासणी शिबिरात तिला सुखदेव भेटला होता. तिशीचा, वैनगंगेत मासेमारी करणारा, तोही जन्मापासून बहिरा. शाळेत कधी गेला नाही. त्याच्या खुणा त्याने आणि त्याच्या आईने, पार्बताबाईने, घरातल्या घरात घडवलेल्या, आणि त्या दोघांशिवाय कुणालाच कळत नाहीत. आता पार्बताबाईला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी औषधाने टिकली तर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तिला दिसायचं थांबलं की तो बोलणार कुणाशी?" रेखाने विचारलं. म्हणून दोघांचं बोलणं चित्रित करायचं, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना ते शिकता येईल.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बाजारात. पस्तीस हजारांच्या आत व्हिडिओसाठी कॅमेरा हवा, म्हटलं की दुकानदार आधी माइक काढतात. एकाने तर हेडफोन थेट रेखाच्या कानाला लावला. "मॅडम, आवाजाची क्वालिटी बघा!" रेखाने डोळे मिटून मान डोलावली आणि हसत हेडफोन परत केला. तो बिचारा ओशाळला.

तिची परीक्षा वेगळी होती. कॅमेऱ्यासमोर भरभर हात हलवायचे, मग चित्र थांबवून बोटं मोजता येतात का ते पाहायचं. दुकानाच्या झगझगीत उजेडात सगळेच पास. मग ती कॅमेरा घेऊन मागच्या अंधाऱ्या गोदामात शिरायची आणि तिथे एकामागून एक नापास व्हायचे. बोटांच्या जागी नुसता पांढरट फराटा! माझा फोनही तिथेच नापास झाला. तुम्हालाही नाच, खेळ किंवा हातांचं काम टिपायचं असेल तर हे करून बघा. खोक्यावरचे आकडे याबद्दल काही सांगत नाहीत.

चार दुकानं झाली, माझे पाय दुखायला लागले, रेखाला काहीच पसंत पडेना. घरी आल्यावरही ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. शेवटी माझ्या वर्गातल्या एका बाईने सांगितलं, राजुऱ्याचे रफीकभाई लग्नाचं शूटिंग करतात, जुने कॅमेरे विकतातही.

शनिवारी सकाळी निघालो. फेब्रुवारी संपत आलेला. बल्लारपूरच्या पुढे कोळशाच्या ट्रकांमागे सापडलो की काच वर करून गप्प बसायचं, दुसरा इलाज नाही. वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्यात पोचलो तेव्हा रुमालाला काळी पुटं चढली होती. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री झणझणीत होती, पोट नाजूक असेल तर आधीच "कमी" म्हणून सांगा.

रफीकभाईंचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. रेखाने हातवारे करून आणि मी बोलून सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून दोन कॅमेरे काढले. एक छोटा, नवाकोरा, खिशात मावणारा. त्याचा पडदा पुढे वळायचा, म्हणजे समोरच्या माणसाला स्वतःला पाहता येतं. दुसरा जुना, कोपरे झिजलेला, वर जाडजूड लेन्स लावलेली.

"ताई, ये लेन्स अंधेरे में भी देखती है," ते म्हणाले. "पण हिला जागा लागते. मागे सरकावं लागते. छोटावाला जवळूनही सगळं घेते, पण उजेड पाह्यजे त्याले."

मला छोटा आवडला. हलका, सोपा, आणि सुखदेवला स्वतःचे हात दिसतील, हे तर मला फारच पटलं. रेखा जुन्याला चिकटून. आम्ही दोघी तिथेच भांडायला लागलो. हातांनी भांडताना आवाज होत नाही, पण रफीकभाईंच्या बायकोने चहा आणला आणि आमचे हवेतले हात पाहून ती दारातच थबकली.

"दोन्ही न्या," रफीकभाई म्हणाले. "एकाचे पैसे ठेवा. लौटते वक्त एक वापस कर दो. काम केल्याशिवाय कळत नाई, ताई."

तिथून पुन्हा बल्लारपूर, मग कोठारी, गोंडपिपरी, आष्टी. कोठारीनंतर जंगल सुरू होतं आणि पळस असा फुललेला की डोळ्यांना दमवतो. मोहाची फुलं नुकती पडू लागली होती, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या. कुठेतरी थांबावं, चित्र घ्यावं असं मला सारखं वाटत होतं, आणि रेखा बोटाने नुसती पुढे, पुढे करत होती. रस्ता बहुतेक चांगला आहे, मध्ये काही पट्टे उखडलेले. पेट्रोल बल्लारपुरातच भरून घ्या. गोंडपिपरीच्या खानावळीत भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तळलेला मासा, दोघींचं मिळून तीनशेच्या आत.

वैनगंगेचा लांब पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. आष्टीपासून थोडं आत, नदीकाठी सुखदेवचं गाव. त्याचा धाकटा भाऊ मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरात सुखदेव, पार्बताबाई आणि धाकटी सून वर्षा.

"या बाई, बसा," वर्षाने खाट टाकली. "भासरे नदीवर नाई गेले आज. जातच नाईत आताशा, ना सांजच्याले ना पहाटे." भासरे म्हणजे थोरला दीर, सुखदेव.

"आळशी झाला," पार्बताबाई आतून म्हणाली. भिंतीला हात लावत ती बाहेर आली. "जाय म्हटलं तं अस्से हात करते." तिने डोळ्यांपुढून हात झटकून दाखवला. "कंटाळा आला म्हणते. मासोळी नाई धरली तं खाशील काय, बाबू?"

सुखदेव अंगणाच्या कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता. आईचे हात पाहत होता.

आम्ही छोट्या कॅमेऱ्याने सुरुवात केली. पडद्यात स्वतःला पाहून सुखदेव आधी दचकला, मग हसला, मग त्याने मासा, पूर, पोलीस, लग्न अशा खुणा धडाधड करून दाखवल्या, अर्थ पार्बताबाई सांगत होती. पुरासाठी त्याने दोन्ही हात इतके पसरले की वर्षाच्या डोक्यावरची टोपली पडता पडता राहिली. मी रेखाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. थोड्याच वेळात उन्हात तापून कॅमेरा बंद पडला. सावलीत ठेवून, पदराने वारा घालून पुन्हा सुरू केला, तो परत बंद.

सगळे आत गेलो. स्वयंपाकघरात चुलीजवळ एक छोटी खिडकी, बाकी अंधार. मायलेकरं खरी बोलायची तिथेच, चुलीपाशी समोरासमोर बसून. छोट्या कॅमेऱ्यात तिथे हातांचा धूर दिसत होता. रेखाने जुना काढला. त्यात बोटं दिसली, पण जागाच नाही! मागे सरकायला भिंत. सुखदेवने हात पसरले की निम्मे चित्राबाहेर. रेखा चिडली, मीही चिडले. सूर्य उतरत होता, पार्बताबाईला संध्याकाळी आणखी कमी दिसतं, आणि आम्ही दारात उभ्या राहून पुन्हा भांडत होतो.

"बाई, तुम्ही अंगणातून काऊन नाई घेत?" वर्षाने विचारलं. "दार उघडंच हाये."

मी रेखाला सांगितलं. ती दोन उड्यांत अंगणात. तुळशीजवळ जुना कॅमेरा मांडला, आणि उघड्या दारातून मायलेकरं पूर्ण दिसली. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, चारही हातांसकट.

आईने हातांनी आणि तोंडानेही विचारलं, नदीवर का जात नाहीस. त्याने तीच खूण केली. आई वैतागली. त्याने पुन्हा केली, जरा जोरात. आईने पाठ फिरवून चुलीत काडी सारली.

चित्रण झाल्यावर रेखाने ते सगळ्यांना दाखवलं. वर्षा पुढे वाकून पाहत होती. त्या खुणेपाशी ती म्हणाली, "थांबा. मांगं घ्या." मी खुणावलं तसं रेखाने चित्र मागे नेलं आणि अगदी हळू चालवलं. सुखदेवचा हात डोळ्यांपुढून झटकला जात नव्हता. दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्याला टेकत होती, मग आईकडे वळत होती, आणि मग तळवा खाली पडत होता.

"बाई," वर्षा सासूला म्हणाली, "हे कंटाळा नाई म्हणून राह्यले. तुमच्या डोळ्याचं म्हणून राह्यले. तुम्हाले दिसत नाई, तुम्ही पडसान, म्हणून जात नाईत."

पार्बताबाईने कॅमेरा हातात घेतला, अगदी नाकाशी धरला. तिला त्यात किती दिसलं कोण जाणे. "मले झटकल्यावानीच दिसे रे," ती म्हणाली. "आळशी आळशी करत राह्यली मी." तिने सुखदेवचा हात पकडला, ती दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली आणि मान हलवली. समजलं. सुखदेवने इतका मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला.

मग वर्षा उठली. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, सासूकडे दाखवलं, आणि जमिनीवर ठाम बसून दाखवलं. मी राहीन हिच्याजवळ. ही कुणी शिकवलेली खूण नव्हती. सुखदेवने ती लगेच ओळखली.

रात्री तिथेच राहिलो. पहाटे तो नदीवर निघाला, आम्ही मागोमाग. धुक्यात त्याचा डोंगा, लहानशी होडी, सरकत गेला. मी छोट्या कॅमेऱ्याने ते घेतलं आणि चित्र सुंदर आलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुम्हाला नदी, रस्ते, पळस दाखवायचे असतील तर तो कॅमेरा वाईट नाही.

माझा बेत पुढे आलापल्लीवरून हेमलकशाला जायचा होता. रेखाने तो दिवसही चुलीसमोर घालवला, एकेक खूण वर्षाकडून पुन्हा पुन्हा करून घेत. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, बॅटऱ्या शेजारच्या घरी नेऊन चार्ज केल्या, आणि हेमलकसा राहिलं. त्या रस्त्याबद्दल कृपया मला विचारू नका.

परतताना राजुऱ्याला छोटा परत दिला. रफीकभाईंनी रेखाच्या गळ्यातला जुना पाहिला आणि एक जादा बॅटरी तशीच देऊन टाकली. ती लागतेच, जुन्याच्या बॅटऱ्या फार लवकर संपतात.

घरी येऊन आता दोन महिने झाले. रेखा शाळेतून आली की खुणांचं चित्रण कापून, जोडून वर्षाला पाठवत असते. पार्बताबाईचे डोळ्यांत टाकायचे थेंब चालू आहेत, नजर सध्या आहे तेवढीच आहे. माझी अस्वस्थता काही गेली नाही. दर आठवड्याला मी नकाशा उघडते, आणि त्या गावापाशी आले की तिथेच थांबते. ती खूण मलाही झटकल्यासारखीच दिसली होती, आणि माझी नजर तर शाबूत आहे.

गेल्या मंगळवारी वर्षाने तिच्या फोनवर काढलेला व्हिडिओ पाठवला. अंधारलेलं स्वयंपाकघर, सगळं हललेलं. ती एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सुखदेवला काहीतरी विचारते आहे. तो पुढे येतो, तिचं बोट नीट वळवून देतो, आणि मग तिला उत्तर देतो. बोटं मोजता येत नाहीत. रेखाने तो तीनदा पाहिला आणि मला म्हणाली, "जेवलास का, असं विचारते आहे ती. आणि तो म्हणतो, तू आधी."