निर्जन तेनाबा आणि नेई रुटेरा

तेनाबा हे बेट निर्जन आहे, असं सरकारदरबारी पक्कं ठरलेलं होतं. नेई रुटेरा ही पन्नाशीची बाई दर वर्षी तीन महिने तिथे झोपडी बांधून खोबरं वाळवायची, पण त्याने त्या नोंदीत काही फरक पडला नव्हता.

एका वर्षी राजधानी तारावाहून तोकाताके नावाचे अधिकारी बेटाचा भूगोल-इतिहास लिहायला आले. इस्त्रीचा सदरा, काखेत कोरी वही. पहिल्याच दिवशी त्यांनी बेट मोजलं: लांबी दीड मैल, उंची जेमतेम दोन पुरुष. मग ते इतिहासाकडे वळले.

"मावशी, या बेटाचा शोध एका गोऱ्या कप्तानाने लावला, बरं का."

"ठाऊक आहे. माझ्या खापरपणजीनेच त्याला शहाळं दिलं. तहानेने मरायला टेकला होता मेला."

"पण तिने तशी नोंद केली का?"

"शहाळं फोडणार की नोंद करणार?"

साहेबांनी लिहिलं: कप्तानापूर्वीचा इतिहास उपलब्ध नाही. पक्ष्यांची विष्ठा खतासाठी खरवडून नेणारी कंपनी आणि आळीपाळीने झेंडे रोवून गेलेले दोन देश, यांना मात्र त्यांनी सहा पानं दिली.

तिसऱ्या दिवशी ते बोट घेऊन एकटेच परत निघाले. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यातून बाहेर पडायची वाट नकाशात डावीकडे होती.

"साहेब, उजवीकडून!" रुटेरा किनाऱ्यावरून ओरडली.

"नकाशा आरमाराचा आहे, मावशी!"

पाठोपाठ बोट फुटल्याचा आवाज आला.

तिने पोहत जाऊन त्यांना केसांना धरून ओढून आणलं. तिला न्यायला भावाची होडी यायला नऊ दिवस होते. तेवढ्या दिवसांत तिने साहेबांना मचूळ विहीर उपसायला, खेकडे धरायला आणि गप्प बसायला शिकवलं. शेवटचं त्यांना सगळ्यांत जड गेलं. एका दुपारी ते हळूच म्हणाले, "तुम्ही नसता तर मी मेलो असतो." तिला भरून आलं. तिने खेकड्याची मोठी नांगी त्यांच्यापुढे सरकवली.

सहा महिन्यांनी छापील पुस्तक रुटेराच्या गावात आलं. शाळेच्या बाईंनी सभाघरात वाचून दाखवलं: 'या निर्जन बेटावर प्रस्तुत लेखकाने एकट्याने नऊ दिवस काढले.'

"अगं, तुझं नावसुद्धा नाही!" बायका खवळल्या.

रुटेरा म्हणाली, "एकट्याने? झोपेत घोरायचा, तेव्हा पक्षीसुद्धा उठून जायचे."

पुढच्या हंगामात ती बहिणीचं अख्खं कुटुंब घेऊन गेली. अकरा माणसं, चार डुकरं. पहिल्याच संध्याकाळी निर्जन बेटावर चुलीच्या जागेवरून जोरदार भांडण झालं.