गुळानं चिकटवलेली पाकळी

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं आणि आता तुम्हाला सांगतोय — ऐका.

वेल्ह्याकडच्या आमच्या गावात जननीची देवराई आहे आणि मी तिथला गुरव. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं. बरं-वाईट काय ते देवीनं या रानातच घालून ठेवलंय, माणसानं फक्त विचारायचं, असं गाव मानतं. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेली एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नाही. पाकळ्या लावणारा हात माझा. आणि त्या हातावर गावाचा केवढा विश्वास!

माझा थोरला भाऊ वारला तेव्हा वहिनी ऐन तारुण्यात होती, पदरात छोटी वैशाली. पुढं भाटघरकडच्या एका बिजवरानं तिला मागणी घातली. टेम्पो चालवायचा, निर्व्यसनी, पोरीसकट न्यायला तयार. वहिनीच्या मनात होतं — ते मला दिसत होतं, म्हणून तर पुढचं जास्त लाजिरवाणं. आई म्हणाली, देवीला विचारू.

आता येतोच त्यावर. टाळत नाही — म्हणजे, टाळतोयच.

भाताची लावणी, गुरं, आईचं दुखणं, सगळं वहिनीच्या जिवावर चाललेलं. ती गेली तर हे कोण करणार? मी? मला कष्टाचा कंटाळा. एवढंच होतं हो, याहून मोठं कारण नव्हतं. उजवी पाकळी मी प्रसादाच्या गुळानं चिकटवली.

डावी गळली. वहिनी देवीच्या पाया पडली, डोळे पुसले आणि थेट भाताच्या खाचरात गेली. वर मी तिला शहाणपण शिकवलं, की वेल एकाच झाडाला धरून राहते, देवीनं सृष्टीच तशी लावलीय. साफ खोटं! पडलेल्या झाडावरची वेल शेजारच्या झाडावर चढलेली मी रोज पूजेला जाताना बघत होतो.

तेव्हापासून एक प्रश्न छळतोय. पाकळी गळते तो नियम देवीचा, तर गूळ चिकटतो तोही तिचाच ना? रानानं माझी लबाडी मुकाट चालवून घेतली. ना वीज पडली, ना साप निघाला. मग बरं-वाईट ठेवलंय तरी कुठं? पण पाकळी दाबताना माझं बोट थरथरलं होतं. ते कुणी थरथरवलं? देवीनं काही ठेवलंच असेल तर तिथं ठेवलं असावं, असं मला आता वाटतं. तेव्हाही वाटलंच होतं, पण मी बोट धोतराला पुसलं.

गेल्या आठवड्यात वैशाली भोरहून आली. ती आता तिकडं नोकरी करते. तो टेम्पोवाला अजून एकटाच आहे आणि तिच्याकडं वहिनीची चौकशी करतो, असं तिनं सांगितलं. वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवीनं येकदा न्हाई म्हणलंय. तिच्या शबुदाबाहेर म्या जायची न्हाई."

"काका, तुमीच सांगा हिला," वैशाली म्हणाली.

मी सांगितलं. गुळासकट सगळं.

वहिनीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. सूप फेकून मारेल असं वाटलं. मारलं असतं तर सोसलं असतं. पण तिनं हळूच विचारलं, "म्हंजी भावजी, देवी मला न्हाई म्हणलीच न्हवती?"

"न्हाई वैनी. म्या म्हणलो."

तिचा चेहरा असा उजळला, की भाऊ होता तेव्हाचं घर मला आठवलं. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि लेकीला म्हणाली, "मोबाईल आण तुजा."

माझ्याकडं तिनं परत पाहिलं नाही. यंदाची लावणी मी करतोय.