गळलेल्या एकशे बारा फ्रेम

कॅसेटला ओल लागली आहे, असे मी एका गिऱ्हाइकाला सांगितले, तेव्हा ते खरे नव्हते. त्या क्षणी मला नक्की ठाऊक नव्हते, अशी सवलत मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला देत राहिलो. पण संगणकाच्या काळ्या खिडकीतली शेवटची ओळ मी वाचली होती. तिच्यात गळलेल्या फ्रेमचा, म्हणजे उतरवताना हरवलेल्या चित्रांचा, आकडा होता आणि तो शून्य नव्हता.

शहापुरात माझे व्हिडिओ शूटिंगचे लहानसे दुकान होते. नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांचे चित्रण मी मोठ्या कॅसेटवर करून देत असे. दोन हजार सालानंतर घरोघरी सीडी प्लेअर आले आणि तीच माणसे त्या कॅसेट घेऊन परत येऊ लागली. कॅसेट व्हीसीआरमध्ये लावायची, व्हीसीआर संगणकाला जोडायचा, काळ्या खिडकीत एक लांबलचक कमांड टाइप करायची आणि कॅसेट संपेपर्यंत थांबायचे, असे ते काम. ती कमांड मी वहीत उतरवून ठेवली होती. तिच्यातल्या निम्म्या अक्षरांचा अर्थ मला कळत नव्हता.

हे गिऱ्हाईक शेणव्याचे, भातसानगरला धरणावर नोकरी करणारे. त्यांची आई गावातल्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी धवलारीण होती. याच मुलाच्या हळदीला तिने गायलेला धवला मीच चित्रित केला होता. आता ती हयात नव्हती आणि तिचा आवाज त्या एका कॅसेटखेरीज कुठेच उरला नव्हता.

सीडी नेल्यावर दोन दिवसांनी ते परत आले. दुकानातल्या टीव्हीवर त्यांनी ती लावायला सांगितली.

"बघा ना भाऊ. आयचं तोंड आधी हलतं नि गाणं मागून येतं. पोरं हसतात घरी. बोलतात, आजी च्युइंगम खाते."

"कॅसेट ठेवली कुठे होती?" मी विचारले.

"कणगीत, भातात. बायकोनं ठेवलेली. पोरांचा हात नाय पोचत तिथं."

"मग तरीच. भाताची ओल धरली टेपने. आता काही करता येणार नाही."

वाक्य किती सहज आले, याचे आजही नवल वाटते. त्यांनी सीडी बाहेर काढून घेतली. मग "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि कॅसेट पिशवीत घालून निघून गेले.

आठवड्याभरात दुसऱ्या एका लग्नाच्या सीडीत तोच दोष निघाला. ती कॅसेट माझ्याच कपाटात होती. तिने कणगी कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला शोध घेणे भाग पडले. पहिला संशय फ्रेमच्या गतीवर आला. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रे धावतात, अमेरिकेत जवळजवळ तीस. कमांडमध्ये चुकीचा आकडा राहिला असेल, असे वाटले. पण गती चुकली की चित्र आणि आवाज हळूहळू, सारख्या मापाने दुरावतात. इथे पहिले कडवे जुळत होते, मग एक हिसका बसे आणि चित्र पुढे निघून जाई. थोड्या वेळाने पुन्हा हिसका.

शेणव्याच्या धवल्याची फाइल संगणकात अजून होती. त्यातला आवाज अखंड होता आणि तो बरोबर तीन मिनिटे चालत होता. म्हणजे साडेचार हजार चित्रे हवीत. फाइलमध्ये होती चार हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी. एकशे बारा फ्रेम वाटेतच गळल्या होत्या, म्हणून चित्र साडेचार सेकंद आधी संपत होते. कारणही सापडले. लग्नसराईच्या घाईत एकीकडे कॅसेट उतरवत असताना त्याच हार्ड डिस्कवरून मी दुसऱ्या लग्नाची सीडी तयार करत होतो. डिस्क काठोकाठ भरलेली. येणारे प्रत्येक चित्र लिहून घ्यायला तिला सवड मिळत नव्हती. जे लिहिता येत नव्हते ते ती सोडून देत होती. बाकीची सगळी कामे बंद केली, डिस्क रिकामी केली आणि कपाटातली कॅसेट पुन्हा उतरवली. गळलेल्या फ्रेम शून्य.

त्याच दिवशी शेणव्याला जायला हवे होते. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, 'कॅसेट उतरत असताना दुसरे काही करू नये,' आणि वही मिटली. मुरबाडला नवे दुकान निघाले आहे, आपले नाव जाईल, असे मनाशी म्हणालो. पण खरी अडचण त्या माणसाच्या "बरं झालं सांगितलंत"ची होती. ते शब्द परत करायला मला तोंड नव्हते.

तीन वर्षांनी शेणव्याच्या त्याच घरात त्या गिऱ्हाइकाच्या पुतण्याची हळद होती आणि शूटिंगला मी होतो. त्यांची बायको हळदीचे ताट उचलायला पुढे झाली, तोच मोठी जाऊ म्हणाली, "तिच्या हाती नको गो देऊ! सासूचं गाणं कणगीत घालून कुजवलं तिनं, हळद पण कुजवील."

"मुरबाडची ना ती," दुसरी म्हणाली, "तिकडं टीव्ही पण कणगीत ठेवतात!"

सगळ्या हसल्या. तीही हसली, ताट तिथेच ठेवले आणि आत गेली. हसण्याच्या सरावावरून कळत होते की ही थट्टा जुनी आहे. मी कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होतो. तो काढला नाही.

निघताना मागच्या दाराशी मी तिला कॅसेटचे विचारले.

"मालकांनी टाकायला सांगितलेली," ती हळूच म्हणाली. "मी नाय टाकली. सासूबाई हायत तिच्यात." तिने ती आतून आणून माझ्या हाती दिली.

या वेळी संगणकावर दुसरे काहीच चालू ठेवले नाही. कॅसेट संपेपर्यंत गळलेल्या फ्रेमच्या आकड्यावरून नजर हलवली नाही. तो शून्यच राहिला. धवलारणीचे ओठ आणि तिचा धवला एका वेळी सुरू झाले आणि एका वेळी थांबले.

नवी सीडी घेऊन मी शेणव्याला गेलो. चांगली सीडी माझ्या वतीने माफी मागेल, मला बोलावे लागणार नाही, अशी माझी समजूत होती. घर टीव्हीभोवती जमले. धवला संपला तेव्हा धवलारणीच्या मुलाने डोळे पुसले. "भाऊ, कुजलेली कॅसेट जिवंत केलीत तुमी!"

"बघ गो," मोठी जाऊ लगेच म्हणाली, "तू नासवलंस, भाऊंनी सुधारलं."

ती मान खाली घालून कपबशा गोळा करत होती. मी गप्प राहिलो असतो, तर तिच्यावरचा आळ कायमचा पक्का झाला असता आणि वर माझे कौतुक. मी उठून उभा राहिलो आणि बोललो. पण माझा आवाज मुळातच बारीक.

"काय बोलतात?" मागून कोणीतरी विचारले. "ऐकू नाय आलं."

म्हणून मी पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो. "वहिनी, कॅसेट कधीच खराब नव्हती. तुम्ही ती नीट सांभाळली होती. चूक माझ्या संगणकावर, माझ्या घाईने झाली, आणि ओल लागली असे मी खोटे सांगितले. खरे कळल्यावरही तीन वर्षे गप्प बसलो, आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. माझे चुकले. मला माफ करा."