मोहाखालचा फोटो

होळीनंतरचा रविवार, सकाळ. हजर: मी, आई आणि तळोद्याच्या शेतातला मोह. गुडघ्यांमुळे आईला आता झाडापर्यंत चालवत नाही, म्हणून ती गाडीतच बसली. निदान घरात बघायला तिला झाडासोबत माझा फोटो हवा होता. मी मोबाइल दगडाला टेकवला, टायमर लावला आणि पळाले. झाड पूर्ण आलं, पण मी मुंगीएवढी.

आईने फोटो पाहिला. "मोह दिखस, पन मन्ही पोर कोठे शे?"

मग मोबाइल जवळ ठेवून खोडाला टेकून बसले. साल कोमट होती, केसांत फुलं पडत होती. फोटो निघाला तरी उठवेना.

"झोपनी का वं?" आई ओरडली.

फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. आईला तोच आवडला. तो फ्रेम करून आणायचा अजून राहिलाय.